परिषदेने परत पाठवलेलं विधेयक

नागपूर अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मुंबईहून आलेला मंत्रालयाचा माणूस मनाने आधीच गाडीत बसलेला असतो. फायलींचे गठ्ठे बांधून झालेले असतात, संत्र्यांच्या पेट्या कुणी कुणासाठी न्यायच्या हे ठरलेलं असतं. त्या संध्याकाळी आमचंही तसंच चाललं होतं. एकच काम उरलं होतं. आमच्या विभागाचं छोटं सुधारणा विधेयक विधानपरिषदेत मंजूर व्हायचं होतं. विधानसभेने ते आदल्या दिवशी चर्चेविना संमत केलं होतं. गोंधळात विरोधक हौद्यात उतरलेले, अध्यक्षांच्या जागी बसलेले तालिका अध्यक्ष विधेयकाचे खंड, म्हणजे कलमं, वाचताहेत, ‘होयचे बहुमत, होयचे बहुमत’, आणि संपलं.

विधेयक तसं किरकोळ होतं. कुणाचा परवाना रद्द झाला, तर त्या आदेशाविरुद्ध अपील करायला मूळ कायद्यात तीस दिवस होते. प्रकरणं रेंगाळतात म्हणून विभागाने ते पंधरा केले, तेही आदेशाच्या तारखेपासून. पावसाळी अधिवेशन संपलेलं होतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये अध्यादेश काढला. अध्यादेशाला कायद्याइतकंच बळ असतं, पण आयुष्य नसतं. घटनेच्या अनुच्छेद २१३ प्रमाणे दोन्ही सभागृहं पुन्हा भरली की सहा आठवड्यांनी तो आपोआप मरतो. त्याआधी त्याचं कायद्यात रूपांतर करायचं. नागपूरचं अधिवेशन जेमतेम दोन आठवड्यांचं. म्हणजे त्या दिवशी विधेयक राहिलं असतं, तर जानेवारीत अध्यादेश संपला असता आणि पुढचं अर्थसंकल्पी अधिवेशन थेट मार्चच्या तोंडावर. पुन्हा तोच अध्यादेश काढावा, तर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या वाधवा प्रकरणात बिहार सरकारला दिलेला दणका विधि व न्याय विभागाच्या लोकांना तोंडपाठ असतो. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तर अशा पुनरावृत्तीला घटनेची फसवणूकच म्हटलं.

मी अधिकारी गॅलरीत, सहसचिव साहेबांच्या शेजारी. परिषदेत ७८ जागा. तीस आमदारांनी निवडून दिलेले, बावीस स्थानिक स्वराज्य संस्थांचे, पदवीधरांचे सात, शिक्षकांचे सात आणि राज्यपालनियुक्त बारा. या सभागृहाबद्दल आमच्याकडे फारसा आदर नसायचा, हे खरं सांगून टाकतो. निवडणूक हरलेल्यांची सोय, असंच सगळे म्हणतात. आणि कागदावर बघितलं तर ते फार चूकही नाही. धन विधेयक तिथे मांडताच येत नाही, ते विधानसभेकडून आलं की चौदा दिवसांत परत द्यायचं, एवढाच अधिकार. साधं विधेयक परिषदेने पहिल्यांदा तीन महिने अडवायचं, विधानसभेने पुन्हा संमत केलं की फार तर आणखी एक महिना. संसदेत लोकसभा-राज्यसभेची संयुक्त बैठक तरी होऊ शकते, राज्यात तीही तरतूद नाही. शेवटी विधानसभेचंच खरं.

मंत्रिमहोदयांनी विधेयक विचारात घेण्याचा प्रस्ताव मांडला. शिक्षक मतदारसंघातले एक सदस्य उभे राहिले. हातात विधेयकाची प्रत, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा. आवाज चढवला नाही. म्हणाले, “सभापती महोदय, आदेशावर तारीख पडते मुंबईत. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या माणसाच्या हातात तो बारा दिवसांनी पडला, तर त्याने तीन दिवसांत वकील शोधायचा, कागद जमवायचे आणि अपील करायचं? उद्देश व कारणांच्या निवेदनात शासन म्हणतं, प्रकरणं लवकर निकाली काढायची आहेत. अपीलच करता आलं नाही, तर ती निकाली निघाल्यासारखी दिसतील खरी.” सत्ताधारी बाकांवरही दोघे हसले. त्यांनी सुधारणा सुचवली होती: मुदत आदेश हाती पडल्यापासून, आणि तीस दिवस.

मंत्र्यांनी मान वळवून गॅलरीकडे पाहिलं. ही नजर आमच्या नोकरीत फार महत्त्वाची. सहसचिवांनी मला खुणावलं, मी चिठ्ठी लिहिली: ‘सुधारणा मान्य केल्यास विधेयक विधानसभेकडे परत जाईल. विधानसभा आज संस्थगित होत आहे.’ शिपाई चिठ्ठी घेऊन गेला. मंत्र्यांनी वाचली आणि पुन्हा वर पाहिलं, या वेळी कपाळावर आठ्या.

सुधारणा सुचवणाऱ्या त्या सदस्यांना हे गणित पक्कं ठाऊक होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. एरवी शासन म्हणालं असतं, ठीक आहे, तीन महिने घ्या. त्या दिवशी तीन महिने कुणाकडेच नव्हते. सुधारणा फेटाळायची तर परिषदेत मतविभाजन, आणि त्या वर्षी तिथलं शासनाचं संख्याबळ काठावरचं. हरलो तर नाचक्की. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे द्या म्हणून कुणी हट्ट धरला, तर विषयच संपला. घटनेने ज्या सभागृहाला जवळजवळ काहीच दिलेलं नाही, त्याला दिनदर्शिकेने संध्याकाळपुरतं सगळं देऊन टाकलं होतं.

मंत्री उभे राहिले आणि म्हणाले, “सन्माननीय सदस्यांची सूचना शासन स्वीकारत आहे.” खंड २ सुधारल्याप्रमाणे संमत झाला. मग बाकीचे खंड, मग खंड १, दीर्घ शीर्षक. बाहेरच्या लोकांना वाटतं कायदा भाषणात होतो. तो या काही सेकंदांत होतो, जेव्हा निम्मं सभागृह घड्याळाकडे बघत असतं.

पुढची धावपळ मी विसरणार नाही. विधानसभेत विरोधकांच्या अंतिम आठवडा प्रस्तावाला शासनाचं उत्तर चाललं होतं. ते संपलं की पुढच्या अधिवेशनाची तारीख जाहीर करायची आणि राष्ट्रगीत. एकदा राष्ट्रगीत झालं की कुठलाच उपाय नाही. संसदीय कार्यमंत्र्यांच्या कानावर निरोप घालायला एक जण पळाला, उत्तर जरा लांबवा म्हणून. (उत्तर लांबवा, अशी विनंती मंत्र्यांना करावी लागत नाही, असा माझा अनुभव होता. त्या दिवशी नेमके ते आटोपतं घेत होते.) इकडे परिषदेचा संदेश तयार होईना, कारण सुधारलेल्या खंडाची मराठी आणि इंग्रजी प्रत जुळवून घ्यायची होती. विधि व न्याय विभागाच्या बाईंनी ती उभ्याउभ्या तपासली. एक स्वल्पविराम खोडला, सही केली.

विधानसभेत संदेश वाचला गेला आणि एका विरोधी सदस्याने गणपूर्तीचा मुद्दा काढला. २८८ चं सभागृह, एक दशांश म्हणजे किमान २९ हवेत. बाकांवर विसाच्या आसपास. घंटा वाजायला लागली. लॉबीतून, कॅन्टीनमधून, एक जण तर गाडीत बॅग ठेवून धावत आला. मोजणी झाली. ‘विधानपरिषदेने केलेली सुधारणा मान्य करण्यात यावी’, होयचे बहुमत. पाठोपाठ राष्ट्रगीत.

राज्यपालांची संमती मिळाली आणि अध्यादेशाची मुदत संपायच्या आत असाधारण राजपत्रात अधिनियम छापून आला. विभागात ‘आपण विधेयक वाचवलं’ म्हणून पेढेही आले. मला वाटतं वाचवलं त्या शिक्षक आमदारांनी, आणि तेही आमच्यापासून.

पण त्याच विधेयकात शेवटचा एक खंड होता, जो अशा प्रत्येक विधेयकात असतो: अध्यादेश निरसित (म्हणजे रद्द) होत आहे, मात्र त्याखाली केलेली प्रत्येक गोष्ट या अधिनियमाखालीच केल्याचं समजलं जाईल. त्यावर दोन्ही सभागृहांत कुणी बोललं नाही. ऑक्टोबरपासून नवा अधिनियम येईपर्यंत सोळाव्या-सतराव्या दिवशी आलेली अपिलं मुदतबाह्य म्हणून फेटाळली गेली होती. ती फेटाळलेलीच राहिली.

अर्थसंकल्पी अधिवेशनात त्याच सदस्यांचा तारांकित प्रश्न आला. उत्तराचा मसुदा माझ्याच टेबलावर तयार झाला. अध्यादेशाच्या काळात अशी अपिले फेटाळण्यात आली, हे खरे आहे काय? ‘हे अंशतः खरे आहे.’ त्यांचा फेरविचार करण्याचा शासनाचा विचार आहे काय? ‘अधिनियमात तशी तरतूद नाही.’ असल्यास, केव्हा?

‘प्रश्न उद्भवत नाही.’