पत्नीच्या नावावरचा गॅस, वीज आणि मोबाइल : माझा अनुभव

माझ्या पत्नीचे जुलै २०२५ मध्ये नाशिकच्या एका रुग्णालयात निधन झाले. दिवसकार्य उरकले, पाहुणे आपापल्या गावी गेले, मुलगा बंगळूरला आणि मुलगी पुण्याला परतली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी गॅसचा सिलिंडर दारात आला. मुलीने जाण्यापूर्वी एजन्सीत सांगून तो नोंदवला होता. सिलिंडर आणणारा मुलगा म्हणाला, "काका, कोड सांगा." कोणता कोड, हे मला माहीत नव्हते. सिलिंडर घरी पोहोचला याची खात्री म्हणून नोंदणीकृत मोबाइलवर एक क्रमांक येतो आणि तो सांगितल्याशिवाय सिलिंडर दिला जात नाही, हे त्याने मला समजावून सांगितले. तो मोबाइल माझ्या पत्नीचा होता आणि तिच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली बंद पडून होता. तो चार्जिंगला लावून सुरू होईपर्यंत त्या मुलाला थांबणे शक्य नव्हते. सिलिंडर परत गेला.

ही साधी घटना सविस्तर सांगण्याचे कारण असे की, पुढे सहा महिने मी जी कामे केली त्या सर्वांच्या मुळाशी हाच मोबाइल होता. आमच्या घरातील बहुतेक खाती तिच्या नावावर होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, घराचे कर्ज तिच्या पगारावर मिळाले होते, त्यामुळे आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर असला तरी करारनाम्यात तिचे नाव पहिले होते आणि वीजमीटरही तिच्याच नावाने बसला होता. गॅस, ब्रॉडबँड, डीटीएच, घरपट्टीची ऑनलाइन नोंद, सगळीकडे तिचे नाव आणि तिचा मोबाइल क्रमांक. मी सातपूरच्या कारखान्यात पाळ्या करत होतो आणि घरचे व्यवहार तिने एकटीने सांभाळले. तिची नोंदवही म्हणजे स्वयंपाकघरातील कालनिर्णय. सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली "गॅस", दूध घेतले नाही त्या दिवशी फुली, वीजबिल भरले त्या दिवशी रक्कम. जून महिन्याच्या पानावर १९ तारखेखाली तिच्या अक्षरात "गॅस लावला" असे लिहिलेले आहे. माझ्या हाती हिशेब लागला तो याच पानांवरून.

त्यामुळे अशा प्रसंगातून जाणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे हे की, गेलेल्या माणसाचा मोबाइल क्रमांक लगेच बंद करू नका. आमच्याकडे एका नातेवाइकाने, अर्थात चांगल्या हेतूनेच, "आता तो नंबर कशाला ठेवता, बंद करून टाका," असे सुचवले होते. मी ते ऐकले असते तर एकाही खात्याला माझा स्वतःचा क्रमांक जोडता आला नसता, कारण जुना क्रमांक बदलण्यासाठी ओटीपी जुन्याच क्रमांकावर येतो. मी तिचे सिम काढून माझ्या फोनच्या दुसऱ्या कप्प्यात घातले आणि त्याचे रिचार्ज केले. प्रीपेड क्रमांक ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणजे तिच्या नावाची खाती तशीच राहिली तर त्यांचे संदेश उद्या कोण्या अनोळखी माणसाच्या हाती पडणार. ही शक्यता मला फार अस्वस्थ करणारी वाटली.

मात्र तिचे सिम हाती आहे म्हणून मी तिच्या बँक खात्याला हात लावला नाही, आणि कोणीही लावू नये. निधनानंतर एटीएम किंवा यूपीआय वापरून पैसे काढणे घरच्या माणसाला कितीही स्वाभाविक वाटले, तरी ते खाते आता वारसांचे असते आणि त्यासाठी बँकेत रीतसर दावा करावा लागतो. आमचे एक खाते संयुक्त होते, "दोघांपैकी एक किंवा हयात असलेला" या प्रकारचे, त्यामुळे तिथे मृत्यू प्रमाणपत्र आणि एक अर्ज एवढ्यावर काम झाले. तिच्या एकटीच्या खात्याला मी नॉमिनी होतो, तेही फारशी अडचण न येता मार्गी लागले.

मृत्यू प्रमाणपत्राबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळी गाडी तिथूनच सुटते किंवा तिथेच अडते. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते, राहत्या पत्त्यावर नव्हे. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर माहिती रुग्णालय पाठवते आणि त्यासाठी २१ दिवसांची मुदत असते. परंतु रुग्णालय जो फॉर्म भरून घेते त्यातील नाव त्या अवस्थेत कोणी नीट वाचत नाही. आम्हीही वाचले नाही. आधार कार्डावर तिचे, माझे आणि आडनाव असे तीन शब्दांचे पूर्ण नाव आहे, आणि फॉर्ममध्ये माझ्या नावातील एक अक्षर चुकले. नोंद पक्की होण्याआधी मुलीच्या ते लक्षात आले म्हणून रुग्णालयाकडूनच दुरुस्ती झाली. नोंद झाल्यावर निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण त्यात पुरावे, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे आले. म्हणून त्या कागदावर सही करण्यापूर्वी आधार कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. प्रमाणपत्राच्या आठ प्रती मी घेतल्या आणि त्या सर्व कामी आल्या.

खरी कसोटी लागली ती गॅसच्या बाबतीत. आजच्या पिढीला कदाचित माहीत नसेल, पण त्या काळी गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. माझ्या पत्नीने नोकरी लागल्यावर, लग्नाआधीच, माहेरच्या नावाने नंबर लावला होता आणि १९८८ मध्ये, आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी, तो लागला. म्हणजे मूळ कागद, ज्याला एजन्सीत एसव्ही म्हणतात ते सबस्क्रिप्शन व्हाउचर, माहेरच्या नावाचे होते. पुढे आधार जोडणीच्या वेळी संगणकात सासरचे नाव लागले, परंतु कागद तसाच राहिला. नाव बदलण्यासाठी मी एजन्सीत गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने तो पिवळा पडलेला कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, "या बाई कोण?"

माझी पत्नी, असे मी सांगितले. त्याला पुरावा हवा होता आणि त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु आमचे लग्न १९८६ चे. तेव्हा विवाह नोंदणी करून घेण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती आणि पुढेही ते राहून गेले. राजपत्रात नाव बदलल्याचा कागदही नव्हता. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, कित्येकदा पहिले नावही बदलते, हे घराघरांत घडलेले आहे, पण त्याचा कागद फार थोड्या घरांत असतो. ती हयात असताना तिला याबद्दल कोणी कधी विचारले नाही. ती गेल्यावर मात्र दोन वेगवेगळ्या नावांची ती एकच व्यक्ती होती, हे मला सिद्ध करावे लागले. त्या खिडकीसमोर उभे असताना मला या गोष्टीचे जेवढे वाईट वाटले, तेवढे नंतर कोणत्याही कार्यालयात वाटले नाही.

मार्ग निघाला तो तिच्या सेवापुस्तकातून. नोकरी माहेरच्या नावाने लागलेली असल्यामुळे लग्नानंतर नावात झालेल्या बदलाची नोंद त्यात होती, आणि त्याखाली गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही व गोल शिक्का. निवृत्तीच्या वेळी तिने त्या पानाची छायाप्रत काढून जपून ठेवली होती. त्या प्रतीच्या आधारे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र मी नोटरीसमोर केले. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागू झाला आहे आणि एजन्सीने तोच मागितला, तेव्हा मी तीच रक्कम खर्च केली. पुढे तेच प्रतिज्ञापत्र टपाल खात्यातील तिच्या जुन्या बचत खात्यासाठीही उपयोगी पडले.

एजन्सीने आणखी एक गोष्ट सांगितली जी मला पटली नाही. नाव बदलायचे म्हणजे नवे कनेक्शन धरावे लागेल आणि आजच्या दराने अनामत भरावी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत आज २,२०० रुपये आणि रेग्युलेटरची २५० रुपये आहे. आमच्याकडे दोन सिलिंडर, म्हणजे ४,६५० रुपये. मी वाद घातला नाही. घरी येऊन गॅस कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. कनेक्शनधारकाच्या निधनानंतर वारसाच्या नावावर करताना जुनीच अनामत पुढे चालते, असे तिथून सांगण्यात आले. मी ते लेखी मागितले, ई-मेल आला, त्याची छापील प्रत घेऊन पुन्हा गेलो आणि काम झाले. मुलगा व मुलगी यांची ना हरकत पत्रे, माझे केवायसी आणि मूळ व्हाउचर एवढे त्यांनी ठेवून घेतले. नव्या व्हाउचरवर माझे नाव आले. जुन्याची मी आधीच छायाप्रत काढली होती. ती तिच्या कागदांत ठेवली आहे.

विजेचे काम त्या मानाने सुरळीत झाले. महावितरणकडे नावबदलाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. बारा अंकी ग्राहक क्रमांक, मृत्यू प्रमाणपत्र, घराच्या कराराची सूची क्रमांक दोन आणि मुलांचे संमतिपत्र मी जोडले. आधीचे बिल थकलेले असू नये, ही अट पाळायला हवी. सुरक्षा ठेवीचा विषय इथेही आहे. २०२१ च्या वीज पुरवठा संहितेनंतर ही ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी ठेवावी लागते आणि दरवर्षी फरकाचे वेगळे बिल येते. पत्नीने ती फरकाची बिले वेळोवेळी भरली होती, म्हणून माझ्याकडे वेगळी मागणी झाली नाही. भरणा पावत्या तिने एका प्लास्टिकच्या पिशवीत वर्षवार लावून ठेवल्या होत्या.

ब्रॉडबँडचा अनुभव मात्र क्लेशदायक होता. बिल तिच्या खात्यातून आपोआप वळते होत असे. बँकेला निधनाची सूचना दिल्यावर ते खाते थांबले आणि पुढचा हप्ता परत गेला. त्यावर कंपनीने दंड लावला आणि तिच्या नावे वसुलीचे संदेश सुरू केले. मदत केंद्राला फोन केला की दर वेळी नवी व्यक्ती येई आणि सुरक्षेच्या कारणास्तव खातेदाराशीच बोलावे लागेल, असे सांगे. खातेदार हयात नाही, हे वाक्य मी त्या महिन्यात पाच वेळा उच्चारले. शेवटी मुलीने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ई-मेल शोधून काढला. त्यावर मृत्यू प्रमाणपत्रासह पत्र पाठवल्यावर दंड रद्द झाला आणि कनेक्शन बंद झाले. राउटर परत केल्याची पावती आग्रहाने मागून घ्या. ती नसल्याने पुढे राउटरची रक्कम मागितल्याची उदाहरणे आमच्याच सोसायटीत आहेत. यातून मला समजलेली गोष्ट अशी की, बँकेला कळवण्यापूर्वी खात्यातून आपोआप काय काय वळते होते याची यादी करावी. पासबुकावरील मागील बारा महिन्यांच्या नोंदी पाहिल्या की ती मिळते. वर्षातून एकदाच जाणारा हप्ता तीन महिन्यांच्या नोंदींत दिसत नाही.

डीटीएच तिच्याच नावावर चालू आहे, रिचार्ज होत राहते आणि त्यात बदल करण्याची मला गरज वाटली नाही. दूधवाल्या दादांनी स्वतःहून येऊन आगाऊ दिलेल्या पैशांचा हिशेब केला आणि उरलेले पैसे माझ्या हातात ठेवले.

एक गोष्ट मुलांशी आधीच स्पष्ट बोलून घेतली, याचे समाधान आहे. बिलावर माझे नाव आले म्हणजे घरातील तिचा हिस्सा माझा झाला, असे नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता निधन झालेल्या विवाहित स्त्रीच्या मालमत्तेत पती, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. संमतिपत्रावर सह्या घेताना मी दोघांनाही हे समजावून सांगितले आणि ही सही केवळ बिलापुरती आहे, हे पत्रातच लिहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, याची काय गरज आहे?" मला गरज वाटली. सोसायटीच्या भाग दाखल्याचे काम म्हणूनच मी बिलांच्या कामापासून वेगळे ठेवले आहे आणि ते वकिलांच्या सल्ल्याने चालू आहे.

सर्व खात्यांना माझा क्रमांक लागल्यावर, डिसेंबरमध्ये, मी तिच्या मोबाइल क्रमांकाकडे वळलो. कंपनीच्या दुकानात मृत्यू प्रमाणपत्र आणि माझे आधार दाखवून तो क्रमांक माझ्या नावावर करून घेतला. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन अजून त्यावर येतात आणि त्यांना कोणीतरी उत्तर द्यायला हवे. त्यानंतरच मायआधार संकेतस्थळावर तिच्या मृत्यूची नोंद केली. जून २०२५ पासून कुटुंबातील व्यक्तीला ती तिथे करता येते.

घरपट्टीच्या नोंदीतून तिचे नाव कमी करून वारसांची नावे लावण्याचा अर्ज महापालिकेच्या विभागीय कार्यालयात दिला आहे. तिथे तिघांच्याही मूळ सह्या लागतात आणि मुलगा मार्चमध्ये येणार आहे. तोपर्यंत घरपट्टी आणि पाणीपट्टी तिच्याच नावाने भरतो आहे.