सहा महिन्यांचा हिशेब

जॉर्ज वॉशिंग्टनबद्दल चार बरे शब्द लिहिले की प्रश्न ठरलेला: ‘गुलाम बाळगणाऱ्याला तुम्ही मोठा कसं म्हणता?’ सोबत बहुधा जोतीरावांचा दाखला. ‘गुलामगिरी’ (1873) त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती तिथली गुलामी मोडल्याबद्दल. त्या अर्पणपत्रिकेत तुमचा वॉशिंग्टन बसतो का?

नाही बसत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी पळवाट कुठे काढतो याची वाट पाहत तुम्हाला वाचायला नको.

पण मोठा कशासाठी म्हणतो, तेही ऐका. लढाया जिंकण्यासाठी तर नाहीच. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लाँग आयलंड, ब्रँडीवाइन, जर्मनटाउन, सगळीकडे मार खाल्ला. त्याचं कसब फौज टिकवण्याचं. ऑगस्ट 1776 मध्ये ब्रुकलिनला कोंडलेली सुमारे 9,000 माणसं त्याने एका रात्रीत नावांनी ईस्ट रिव्हर पार नेली. 1777 च्या सुरुवातीला सगळ्या फौजेला देवी टोचायचा हुकूम काढला. तेव्हा जेनरची लस नव्हती. रोग्याच्या फोडातला पू निरोग्याच्या दंडाला छेद देऊन भरायचा, की सौम्य देवी येऊन माणूस काही आठवडे निकामी. म्हणून टोळीटोळीने आणि गुपचूप. इंग्रजांना सुगावा लागला असता तर त्याच आठवड्यांत हल्ला आला असता. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, हातात आलेलं तो सोडू शकत होता. 23 डिसेंबर 1783 ला अॅनापोलिस इथे सेनापतिपद काँग्रेसला परत दिलं. दोन कारकिर्दी झाल्यावर राष्ट्राध्यक्षपदही सोडलं. जिंकलेला सेनापती आपणहून घरी जातो, हे त्या काळात राजेमहाराजांनाही पटत नव्हतं.

आता वॉशिंग्टनच्या घरातून पळालेली दासी, ओना जज. तुमच्यापैकी अनेकांना नाव माहीत असतं, तपशील नसतो. खरा घोळ तपशिलातच आहे.

1790 मध्ये राजधानी फिलाडेल्फियाला आली. पेनसिल्व्हेनियाचा 1780 चा कायदा असा, की बाहेरच्या धन्याने आणलेला गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला तर त्याला मुक्तीचा हक्क. काँग्रेसच्या सभासदांना यातून सूट होती, राष्ट्राध्यक्षाचा उल्लेख नव्हता. अॅटर्नी जनरल रँडॉल्फचे स्वतःचे गुलाम असे सुटले, तेव्हा 1791 मध्ये त्यानेच वॉशिंग्टनच्या घरी सावध केलं. तोडगा सोपा होता: सहा महिने भरायच्या आत एकेकाला व्हर्जिनियातल्या घरी, माउंट व्हर्ननला, पाठवायचं, नाहीतर नदीपलीकडे न्यू जर्सीत नेऊन आणायचं. मोजणी पुन्हा शून्यावर. 1788 च्या दुरुस्तीने नेमकी हीच हातचलाखी बंद केली होती, तरी केली. 12 एप्रिल 1791 ला चिटणीस लियरला वॉशिंग्टन लिहितो, की हे अशा निमित्ताने व्हावं की त्यांना आणि लोकांनाही फसवता येईल. मूळ इंग्रजीत फसवण्याचाच शब्द आहे, माझ्या भाषांतराला दोष देऊ नका.

ओना ही वॉशिंग्टनची बायको मार्थाबाई यांची खास दासी, शिवणकामात तरबेज. 1796 मध्ये बाविशीच्या आसपासची. मार्थाबाईंची नात एलायझा हिचं त्या मार्चमध्ये लग्न झालं आणि ओना तिला देणार असं ठरलं. (नवरा टॉमस लॉ, हा ईस्ट इंडिया कंपनीचा बिहारमधला माजी कलेक्टर. कायमधाऱ्याच्या पद्धतीचा पुरस्कर्ता. त्याची योजना कॉर्नवॉलिसला आवडली होती. यॉर्कटाउनला ज्याची फौज वॉशिंग्टनला शरण गेली, तोच कॉर्नवॉलिस. जग लहान होतं.) 21 मे 1796 ला मंडळी जेवायला बसली असताना ओना घरातून निघून गेली. दोन-तीन दिवसांत वर्तमानपत्रात जाहिरात, बक्षीस दहा डॉलर. ती तोवर नॅन्सी नावाच्या गलबतातून न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला निघाली होती. तिथे एका सिनेटरच्या मुलीने तिला ओळखलं.

पूर्वी मी इथे कायद्याची ढाल पुढे करत असे. ओना वॉशिंग्टनची नव्हतीच. मार्थाबाईंचा पहिला नवरा मृत्युपत्र न करता वारला, म्हणून विधवेला एक तृतीयांश हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरता. आपलं स्त्रीधन म्हणजे बाईची स्वतःची मालमत्ता. हे तसं नव्हे. वापरायचं, पण विकायचं नाही, मुक्त करायचं नाही, पश्चात सगळं पहिल्या घराच्या वारसांना. एक गुलाम गेला तर भरपाई वॉशिंग्टनच्या डोक्यावर. हे सगळं खरं आहे.

पण 1 सप्टेंबर 1796 चं पत्र वाचलं की ढाल गळते. अर्थमंत्री वोलकॉटला तो लिहितो, की हिला नोकरापेक्षा पोटच्या मुलीसारखं वाढवलं, कुणा फ्रेंच माणसाने फूस लावून नेली. असा फ्रेंच माणूस कुणाला सापडला नाही. वोलकॉटने काम पोर्ट्समथचा जकात अधिकारी व्हिपल याच्याकडे दिलं. पळालेल्या गुलामाला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करून मालकी सिद्ध करायची, असा कायदा 1793 मध्ये खुद्द वॉशिंग्टनने सही करून आणला होता. तो रस्ता घेतला नाही, कारण तिथे बोभाटा झाला असता. म्हणून सरकारी जकात खात्याचा माणूस, घरच्या कामाला.

व्हिपल ओनाशी बोलला आणि त्याने कळवलं: फूस वगैरे काही नाही, तिला स्वातंत्र्य हवं आहे. धनी-धनीण गेल्यावर मुक्त करणार असतील तर परत येते, असंही ती म्हणाली होती. मृत्यूनंतरची मुक्ती, एवढंच मागणं. 28 नोव्हेंबरला उत्तर आलं: असली तडजोड मुळीच मान्य नाही, इमानाने राहिलेल्यांच्या आधी बेइमानीला बक्षीस कसं द्यायचं? पण गावात दंगल होईल असं काही करू नका, ही सूचनाही सोबत.

या दोन पत्रांच्या मध्ये, 19 सप्टेंबरला, त्याचा देशाला निरोप छापून आला. मी ज्यासाठी त्याला मोठा म्हणतो तो हाच कागद. अख्ख्या देशाची सत्ता सोडत होता आणि त्याच महिन्यात एक शिवणारी पोर सुटत नव्हती. ‘त्या काळचे सगळे तसेच’ हे उत्तर इथे चालत नाही. सोडणं हाच ज्याचा गुण, त्याची परीक्षा सोडण्यातच व्हायची.

मग मृत्युपत्र? 9 जुलै 1799 चं. त्याच्या मालकीचे 123 गुलाम मार्थाबाईंच्या पश्चात मुक्त, म्हाताऱ्यांना पोटगी, पोरक्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवायचं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसन, मॅडिसन, मन्रो यांपैकी कुणी एवढं केलं नाही. मी हे अभिमानाने सांगत असे, आजही सांगेन. पण व्हर्जिनियात मालकाला आपले गुलाम मुक्त करायची मुभा 1782 पासून होती. आणि त्याच 1799 च्या ऑगस्टमध्ये त्याने मार्थाबाईंच्या भाच्याला पोर्ट्समथहून ओनाला आणायला सांगितलं. तिला आधी खबर लागली म्हणून ती निसटली. मृत्युपत्राची शाई जेमतेम महिन्याभराची. या दोन गोष्टी मी अजून एका ओळीत बसवू शकलेलो नाही. तुम्ही बसवत असाल तर एक तरी वगळत असाल.

1801 च्या 1 जानेवारीला मार्थाबाईंनी आपल्या हयातीतच वॉशिंग्टनचे गुलाम मोकळे केले. पहिल्या घराचे 153 मात्र राहिले आणि 1802 मध्ये त्या गेल्यावर चार नातवंडांत वाटले गेले. दोन्हीकडच्यांची आपसांत लग्नं झालेली होती, त्यामुळे नवरा मोकळा आणि बायको वाटणीत, असेही झाले. ओना 25 फेब्रुवारी 1848 ला वारली, कायद्याने तोवर गुलामच. तिच्या जागी एलायझाकडे गेली ती तिची धाकटी बहीण. त्या बहिणीला 1807 मध्ये मोकळं केलं टॉमस लॉने, कंपनीच्या त्या कलेक्टरने.