गावातला देव आणि पोपचा मुकुट

काल रात्री झोप येईना म्हणून अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या साइटवर लिन्सखोटेनची चित्रं झूम करत बसले होते. हा डच पोरगा १५८३ साली गोव्याच्या आर्चबिशपचा सेक्रेटरी म्हणून आला, पाचेक वर्षं राहिला, आणि १५९६ला अॅमस्टरडॅममध्ये त्याचं पुस्तक छापून आलं. चित्रं त्याच्याच स्केचेसवरून, पण तांब्याच्या पत्र्यावर खोदली ती डूटेकुम बंधूंनी.

बाजाराचं चित्र बघा एकदा. रुआ दिरैता म्हणजे गोव्याचा मेन रोड, छत्री धरायला गुलाम ठेवलेले पोर्तुगीज, घोडे, आणि तिथेच माणसांचा लिलाव. तो लिहितो की सुट्ट्या सोडून रोज सकाळी सात ते नऊ लिलाव चालायचा, कारण नंतर ऊन चढतं. हे वाचून मी जरा थांबलेच, म्हणजे माणसं विकताना काळजी कसली तर उन्हाची! पण हे त्याने रोज बघितलेलं होतं, म्हणून चित्र कसं जिवंत वाटतं.

खेड्यातल्या देवाचं चित्र आलं की मात्र सगळा कारभारच बदलतो. शिंगं काय, पोटावर आणखी एक राक्षसाचं तोंड काय, आणि पुस्तकात तर म्हणे सुळे गुडघ्यापर्यंत लोंबतायत, डोक्यावर पोपच्या तिहेरी मुकुटासारखा मुकुट. गोव्याजवळच्या खेड्यात पोपचा मुकुट कुठून येणार हो?

तर झालंय असं की वार्थेमा नावाच्या इटालियन प्रवाशाने १५१० सालीच आपल्या पुस्तकात केरळातल्या कालिकतच्या राजाच्या देवघरात असाच सैतान बसवला होता, तिहेरी मुकुट, चार शिंगं, मोठ्ठं तोंड, आणि त्या पुस्तकाच्या १५१५च्या जर्मन आवृत्तीत त्याचं चित्रही आलं. म्हणजे ऐंशी वर्षं युरोपला आपला देव कसा दिसतो ते आधीच "माहीत" होतं. लिन्सखोटेनने खरंच मूर्ती बघितली असेलही, पण डोळ्यांसमोर आधीचं पुस्तक उभं असणार. आणि पोपला न मानणाऱ्या अॅमस्टरडॅमच्या प्रोटेस्टंट वाचकाला सैतानाच्या डोक्यावर पोपचा मुकुट म्हणजे काय, मजाच!

मग फ्रँकफर्टच्या द ब्री या प्रकाशक भावांनी १५९८पासून हीच चित्रं पुन्हा खोदून विकली, स्वतः आशियात पाय न ठेवता.

सकाळी आईला मोबाइलवर दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "वेताळ असेल गं. पण त्याच्या पोटाला तोंड कोणी चिकटवलं मेल्याने?"