सशाचं अंडं हरवलं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. स्नेहसंमेलन, क्रीडामहोत्सव, त्र्यंबकची सहल यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते ईस्टर या ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या सोमवारबद्दल. त्या सकाळी सगळा प्राथमिक विभाग मैदानावर अंडी शोधायला सुटायचा. माझ्या वाड्यातली मुलं ज्या ज्या शाळांत जायची, त्यांतल्या एकाही शाळेत असं काही नव्हतं. दुपारी घरी आले की सगळी मला घेरून विचारायची, आज काय काय खेळलात?

नाशिकमधली आमची शाळा मिशनची असली तरी वर्गात सगळ्या घरांतली मुलं होती. शरणपूरची होती, पंचवटीतली होती, नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये नोकरीला असलेल्यांची नाशिकरोडहून येणारीही होती. शरणपूरला ईस्टर काही नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे शिकली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी संशोधक लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह घेऊन १८७४ साली इंग्लंडला पोचलेला जेकब वेनराइट याच नाशकातल्या शाळेत शिकलेला होता. वर्गातल्या मैत्रिणी रविवारी पहाटे अंधारातच उपासनेला जायच्या. "ख्रिस्त उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" असा गजर करून, नवे फ्रॉक घालून घरी यायच्या. शाळेचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी. त्यात प्रार्थना थोडी आणि खेळ भरपूर.

ईस्टरची तारीख काढायला बाईंनी आम्हाला शिकवलं होतं. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो. बहुतेक वर्षी ही पौर्णिमा एक तर होळीची असते, नाहीतर हनुमान जयंतीची. होळीची असली की मजा वेगळीच. नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, पेशवाईपासूनच्या रहाडींमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदांमध्ये, उड्या मारून. त्यामुळे कानामागे रंग राहिलेलीच मुलं अंडी शोधायला यायची. २०२४ साली रंगपंचमी ३० मार्चला होती आणि ईस्टर ३१ला. तेव्हा मला शाळेची फार आठवण झाली. ईस्टर एप्रिलात गेला तर वार्षिक परीक्षा डोक्यावर आणि ऊनही कडक. मग साडेनऊच्या आत सगळं आटपावं लागायचं.

या सगळ्यात एक अडचण होती ती अंड्यांचीच. माझ्यासारख्या निम्म्या मुलांच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नसे. एखाद्या शाळेने अशा मुलांना बाजूला बसवलं असतं किंवा अंडीच काढून टाकली असती. आमच्या हस्तव्यवसायाच्या बाईंनी तिसरा मार्ग काढला, त्याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. फेब्रुवारीपासूनच वर्गात रद्दी जमा व्हायची, बहुतेक 'गावकरी' या दैनिकाची. ती भिजवून, कुटून तिचा लगदा करायचा आणि त्यात मेथ्या वाटून घालायच्या, म्हणजे कीड लागत नाही. शाडूच्या मातीची अंडी करून त्यांना तेलाचा हात लावायचा आणि वरून लगदा थापायचा. दोन-तीन दिवसांनी खडखडीत वाळलं की मधोमध कापायचं, आतली माती काढून टाकायची. एका अर्ध्यात चिठ्ठी आणि रावळगावची गोळी ठेवायची, दुसरा अर्धा खळीने चिकटवायचा, वर कागदाची पट्टी. मग रंग. पाचवीच्या वर्गाच्या खिडक्यांमध्ये वाळत घातलेल्या अंड्यांची रांग बघायला इतर वर्गांतली मुलं मधल्या सुट्टीत यायची.

खरी अंडी शरणपूरच्या घरांतून रंगवून यायची. ती कशी रंगवतात हे मी मैत्रिणीच्या आईच्या स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं आहे. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे कांद्याच्या टरफलांना तोटा नव्हता. पातेलंभर लाल टरफलं पाण्यात चांगली उकळायची. पाणी गडद तांबूस झालं की गार करून गाळायचं आणि त्यात चमचाभर व्हिनेगर घालायचं. त्या आंबटपणाने टरफलाचा रंग कवचावर धरतो. मग पांढऱ्या अंड्यावर कोथिंबिरीचं एक ओलं पान चपटं चिकटवायचं, जुन्या मलमलीच्या तुकड्यात अंडं घट्ट गुंडाळायचं, दोऱ्याने बांधायचं आणि त्या पाण्यात मंद आचेवर उकडायचं. गार झाल्यावर काकू दोरा सोडायच्या. अंडं विटकरी रंगाचं झालेलं असायचं आणि त्यावर पानाची पांढरी नक्षी, अगदी बारीक शिरांसकट. शेवटी गोडेतेलाचं बोट फिरवलं की चकाकी यायची. हळदीची पिवळी, बिटाची गुलाबी अंडीही असत, पण कांद्याच्या रंगाची सर कशालाच नव्हती.

आता खेळ. पहिला मान शोधाशोधीचा.

आजकाल हा खेळ अनेक ठिकाणी ठेवतात. शिट्टी वाजते, मुलं धावत सुटतात, दांडगी मुलं टोपल्या भरतात, लहान मुलं रडत आईकडे परत येतात. आमच्याकडे असं कधी झालं नाही, कारण खेळाची रचनाच वेगळी होती. अंडी लपवायचं काम सातवीकडे. पीटीचे सर त्यांना आधी मैदानावर उकिडवं बसायला लावत. पहिलीतल्या मुलाला जेवढं दिसतं तेवढं आधी बघा, मग लपवा, असं सांगत. त्यामुळे पहिलीची अंडी गुलमोहराच्या बुंध्याशी, पाण्याच्या टाकीच्या पायरीवर, चपलांच्या रांगेत. चौथीची मात्र कौलाच्या वळचणीला नाहीतर घंटेच्या खांबामागे. प्रत्येक इयत्तेचा रंग ठरलेला, दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही. कुठे काय लपवलं याची यादी सरांच्या वहीत. लपवायला फक्त कागदाची अंडी, कारण उकडलेलं अंडं उन्हात तास-दोन तासांपेक्षा जास्त ठेवणं बरं नाही.

आणि सगळ्यात मोलाचा नियम हा: प्रत्येकाने तीनच अंडी घ्यायची. तीन मिळाली की तुझा शोध संपला, पण खेळ संपला नाही. आता ज्याला मिळालेली नाहीत त्याच्याबरोबर फिरायचं. बोट दाखवायचं नाही, फक्त बोलायचं: थंड, थंड, कोमट, गरम, चटका! हळूहळू सगळं मैदान एखाद्या बिचाऱ्या शेवटच्या मुलामागे गोळा व्हायचं आणि "गरम! गरम!" असा गलका उठायचा. त्या मुलाला अंडं सापडलं की जो जल्लोष व्हायचा तो पहिल्या येणाऱ्याच्या वाट्याला कधीच येत नसे. गल्लीत खेळताना धाकट्या भावंडांना आम्ही कच्चं लिंबू म्हणून घ्यायचो. इथे कच्चं लिंबू कुणीच नव्हतं. खेळ आखणाऱ्याने शेवटच्या मुलाचा विचार आधी करावा, हे मी तिथे शिकले आणि आज बालवाडीत रोज तेच करते.

चांदीच्या कागदात गुंडाळलेलं एकच अंडं सगळ्या शाळेसाठी असायचं. ते ज्याला सापडेल त्याने शेवटी शाळेची घंटा वाजवायची. शिपाईमामांच्या हातातला तो टोल एरवी कुणालाही मिळत नसे. दुसरं कुठलंही बक्षीस त्यापुढे फिकं पडलं असतं.

शोधाशोधीनंतर मुलं दमलेली असत, म्हणून बसून खेळायचा खेळ. "मामाचं पत्र हरवलं, ते मला सापडलं" हे कुणाला सांगायला नको. आमच्या संगीताच्या बाईंनी त्यात रुमालाच्या जागी कागदाचं अंडं आणलं आणि रिंगण म्हणू लागलं, "सशाचं अंडं हरवलं, ते मला सापडलं." ज्याच्यावर राज्य त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याचे दोन लांब कान. अंडं मागे ठेवलं गेलं की उठून पाठलाग करायचा, पण पळत नव्हे, सशासारख्या उड्या मारत. उड्यांमुळे चपळ मुलगा आणि मंद मुलगा जवळजवळ सारखे होतात. पहिलीतल्या मुलीने मोठ्या वर्गातल्या मुलाला गाठलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या घरच्या वाढदिवसालाही हा खेळ जरूर घ्या. दहा मुलं आणि एक अंडं पुरतं.

ससा आणि अंडं यांचा संबंध काय, हा प्रश्न कुणीतरी दरवर्षी विचारायचं आणि बाई दरवर्षी तितक्याच आपुलकीने सांगायच्या. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. जुन्या काळी युरोपात या दिवसांत अंडीही खात नसत. कोंबड्या मात्र अंडी द्यायच्या थांबत नाहीत, म्हणून ईस्टरला घरोघर अंड्यांचे ढीग असत. बंद कवच फोडून पिल्लू बाहेर येतं, तसा प्रभू कबरीतून बाहेर आला, असा अर्थ त्यांना मिळाला. अंडी आणणारा ससा जर्मनीतला. १६८२ सालच्या तिथल्या एका ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. चॉकलेटची अंडी पुष्कळ नंतरची. इंग्लंडमध्ये फ्राय कंपनीने ती १८७३ साली काढली आणि दोन वर्षांनी कॅडबरीने.

पोत्यांची शर्यत, लिंबू-चमचा हे आपले नेहमीचेच. फरक एवढाच की पोती कांद्याची आणि लिंबाच्या जागी अंडं किंवा ज्यांना नको त्यांना तेवढाच बटाटा. फळ्यावर काढलेल्या सशाला डोळे बांधून कापसाची शेपटी लावायचाही खेळ होता. ती कधी कानाला लागायची, कधी शेजारच्या नकाशाला.

शास्त्राच्या सरांचा कोपरा मात्र माझा सगळ्यात आवडता. एका टेबलावर दोन अंडी, एक कच्चं, एक उकडलेलं. फोडायचं नाही, ओळखायचं. सर म्हणायचे, फिरवून बघा. उकडलेलं भोवऱ्यासारखं सरळ गरगर फिरतं. कच्चं लडबडतं, कारण आतलं द्रव कवचाबरोबर लगेच फिरत नाही. फिरणाऱ्या कच्च्या अंड्यावर क्षणभर बोट ठेवून उचललं, तर ते पुन्हा हळूहळू फिरू लागतं, कारण आतलं द्रव अजून फिरतच असतं. आणि उकडलेलं अंडं जोरात फिरवलं तर ते आपोआप उठून टोकावर उभं राहतं! तेव्हा सर म्हणाले होते की हे का होतं ते सांगणं सोपं नाही. पुढे २००२ साली मोफॅट आणि शिमोमुरा या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये त्याचं गणित मांडलं: अंडं आणि टेबल यांच्यातलं घर्षण त्याला उभं करतं. ते वाचलं तेव्हा सर असायला हवे होते असं फार वाटलं.

त्याच टेबलाशेजारी एक जुना फळा तिरका लावलेला असे. त्यावरून अंडं सोडायचं आणि खाली खडूने काढलेल्या वर्तुळात थांबवायचं. सरळ सोडलं की हमखास चुकायचं, कारण अंड्याचं एक टोक निमुळतं असतं आणि ते घरंगळताना वळण घेतं. वळणाचा अंदाज घेऊन बाजूने सोडणारे जिंकायचे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाउसच्या हिरवळीवर १८७८ पासून मुलांसाठी अंडी घरंगळवण्याचा खेळ भरतो, असं सरांनी सांगितल्यावर आम्हाला आमचा फळाही मोठा वाटू लागला होता.

शेवटी शरणपूरच्या मुलांची टक्कर. दोघांनी आपापलं उकडलेलं अंडं मुठीत धरून टोकावर टोक आपटायचं. ज्याचं फुटेल तो बाद. ग्रीसमध्ये लाल अंड्यांनी हाच खेळ खेळतात. आणि आपल्याच देशात, आसामात, बिहूच्या सणालाही अंड्यांची अशी झुंज असते. फुटलेली अंडी मीठ-मिरपूड लावून तिथल्या तिथे संपायची. आम्ही शाकाहारी मुलं कडेला बसून द्राक्षांचे घोस रिकामे करायचो. मार्चअखेरची नाशिकची द्राक्षं, त्यामुळे आमचंही काही कमी नव्हतं.

हा सोमवार गेली बरीच वर्षं भरत नाही, असं मला कळलं. परीक्षेचं वेळापत्रक, अपुरी जागा, अशी कारणं असतील, ती मला समजतात. पण सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात तो पुन्हा सुरू व्हावा, ही माझी शाळेला मनापासून विनंती आहे. बाजारात प्लॅस्टिकची अंडी तयार मिळतात, ती कृपया आणू नका. मुलांचे हात लगद्यात बरबटू द्या, कारण अर्धा सण त्या तयारीतच असतो. आणि तिनाचा नियम ठेवाच.

पुढचा ईस्टर २८ मार्च २०२७ रोजी आहे, म्हणजे सोमवार २९चा. लगदा वाळायला वेळ लागतो, म्हणून कामाला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लागावं लागेल. मी येईन. माझ्या बॅचच्या चौघीजणींनी होकार दिला आहे, शाडूची माती आणायचं एकीने कबूल केलं आहे. शाळेने रद्दी जमवावी, सातवीची पंधरा-वीस मुलं द्यावीत आणि घंटेचा टोल त्या एका दिवसापुरता आमच्या हवाली करावा.