ब्रॉन्झ कोरी: नर कोणते, माद्या कोणत्या

माझ्या माशांच्या टाकीतल्या ब्रॉन्झ कोरींची (तळाशी वावरणारे छोटे कॅटफिश, म्हणजे शिंगाळ्यांचे भाऊबंद) गेल्या वर्षीची पिल्लं आता दीड इंचाच्या पुढे गेलीत आणि कळपात फरक दिसायला लागलाय. म्हणून आजची नोंद नर-मादी ओळखण्यावरच.

समोरच्या काचेतून बघत बसू नका, कोरी वरून बघा. मी फिल्टर थोडा वेळ बंद ठेवते, पाणी स्थिर झालं की टाकीवर मोबाइल आडवा धरून फोटो काढते. छातीच्या परांशी दोघंही रुंद असतात. मादी त्याच्या मागेही रुंदच राहते, पोटाशी चांगली फुगीर. नर तिथूनच शेपटीकडे निमुळता होत जातो. पूर्ण वाढलेली मादी सात सेंटीमीटरच्या आसपास जाते, नर तिच्याहून लहान. फोटो खाणं घालायच्या आधी काढा, कारण ब्लडवर्म (माशांना घालतात त्या लाल अळ्या) खाल्लेला नरही गोल दिसतो. पेपर्ड कोरी या दुसऱ्या जातीत पाठीवरचा पर बघता येतो, नराचा उंच आणि टोकदार. ब्रॉन्झमध्ये मी त्यावर विसंबत नाही.

मोठ्या कळपात शेपटीचा वरचा कोपरा फाटलेली एक आहे. फोटोवरून तिला मादी ठरवलं होतं. पावसाने जोर धरला, विहिरीचं पाणी गार झालं, तेच पाणी घालून टाकीतलं बदललं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बारके नर तिच्या मागे! ती नराच्या पोटाला तोंड लावून क्षणभर थांबली, दोघांचा मिळून इंग्रजी टी झाला. मग पोटाखालचे पर जुळवून तिने ओंजळ केली. त्यात दोन-तीन अंडी. तशीच वर गेली, काचेवरची जागा तोंडाने साफ केली, पोट टेकवलं आणि अंडी चिकटवून खाली आली. किती सुंदर दिसतं हे! यापेक्षा पक्की ओळख दुसरी नाही.

अंडी लगेच वेगळी काढली, आईबाप खाऊन टाकतात. (म्हापशाच्या बाजारात येणाऱ्या समुद्री शिंगाळ्यांत मात्र बाप अंडी तोंडात धरून सांभाळतो. एकाच मोठ्या कुळाकडून इतकी वेगळी तऱ्हा!) डब्यात हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा) आणि बदामाचं वाळलेलं पान टाकलंय, बुरशी धरलेली पांढरी अंडी रोज काढते. तीन ते पाच दिवसांत फुटायला हवीत.

टाकीतल्या दुसऱ्या कॅटफिशचं, काचेला तोंडाने चिकटणाऱ्या ब्रिसलनोजचं काम सोपं, पण वेळखाऊ. नराच्या थोबाडावर फाटे फुटलेल्या मिशा कपाळापर्यंत चढतात, मादीला फार तर ओठाच्या कडेने आखूड केस. अगदी लहान पिल्लांत हे काहीच दिसत नाही, त्यामुळे दुकानात कोणी ‘जोडी’ म्हणून बारकी पिल्लं दिली तर त्यावर जाऊ नका. पाच-सहा घेऊन वाढवा. माझ्याकडच्या मिशाळाने नारळाची करवंटी धरलीय, मादीला अजून आत घेत नाही. तिचं पोट भरत आलंय, पुढची नोंद बहुतेक त्यांचीच.