तुम्ही विचारलंत म्हणून: सापडलं का औषध?

बडोद्याच्या रावपुऱ्यात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर, कुठेही गाठ पडली की हाच प्रश्न. डेंग्यूच्या विषाणूवर माझी पीएचडी चालू आहे, हे आता अख्ख्या दांडिया बाजाराला ठाऊक आहे. "काम चालू आहे" म्हणत मी सुटत आले. परवा आत्याने मात्र पुढचं विचारलं, "मग इतकी वर्षं तू करतेस तरी काय?"

नाही सापडलं. माझ्या हातून सापडेल ही शक्यताही फार थोडी.

डेंग्यूच्या विषाणूलाच रोखणारं मान्यताप्राप्त औषध अजून जगात कुठेच नाही. तापाला पॅरासिटामॉल द्यायचं आणि शरीरातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, डॉक्टरांच्या हातात एवढंच असतं. आणि पपईच्या पानांचा रस कृपा करून मला सुचवू नका. प्लेटलेटचा आकडा वाढला म्हणजे विषाणू थांबला असं होत नाही.

हा विषाणू आपली सगळी प्रथिनं एका लांब साखळीत तयार करवून घेतो, मग तिचे तुकडे पाडतो. त्यातले बरेचसे तुकडे पाडणारं त्याचं स्वतःचं एन्झाइम आहे, प्रोटिएज. ते बंद पाडलं की वाढ खुंटते. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांच्यावरची काही औषधं याच वाटेने आली. डेंग्यूच्या प्रोटिएजची खाच, म्हणजे औषधाचा रेणू जिथे बसायला हवा ती जागा, मात्र उथळ आहे, आणि तिला धनभार असलेले रेणू लागतात. असे रेणू पेशीच्या आत सहज शिरत नाहीत. जो खाचेत बसतो तो पेशीत जात नाही, जो पेशीत जातो तो खाचेत टिकत नाही. माझी वर्षं या दोघांच्या मध्ये गेली.

एक रेणू मात्र बसला होता. 96 बारीक खळग्यांची प्लेट असते. एन्झाइमने आपलं काम केलं की त्या खळग्यातली निळी चमक वाढते, आणि ती रीडर नावाचं यंत्र मोजतं. माझ्या रेणूचं प्रमाण वाढवत गेले तशी चमक उतरत गेली, अगदी पुस्तकातल्यासारखी. नवं द्रावण केलं, एन्झाइमची दुसरी बॅच घेतली, तरी तेच. बाबांनी मंडळात सांगितलं. तुमचा प्रश्न तिथून सुरू झाला.

मग गाईड मॅडम म्हणाल्या, "थोडं डिटर्जंट घालून बघ." काही रेणू पाण्यात सुटे राहत नाहीत, त्यांचे अतिसूक्ष्म गोळे होतात. एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटून बसतं आणि रेणूने त्याला अडवल्याचा भास होतो. डिटर्जंटने गोळे विरघळतात. मी 0.01 टक्के ट्रायटन घातलं. स्क्रीनवर आकडे ओळीओळीने भरत गेले. पहिल्या ओळीत औषध अजिबात नव्हतं, शेवटच्या ओळीत सगळ्यात जास्त, आणि दोन्हींतली चमक सारखी. मी प्लेट काढून उजेडात धरली. डोळ्यांना त्यात काहीच दिसत नाही, हे माहीत असूनही धरली. मग पुन्हा रीडरमध्ये घातली. तेच आकडे. मॅडम शेजारी उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. त्या रात्री बाबांना समजावताना "म्हणजे ते खोटं होतं का?" असं त्यांनी विचारलं, आणि मी ताटावरून उठले.

खोटं नव्हतं हो. प्रत्येक आकडा खरा होता. हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

एम.एस्सी. झाल्यावर क्वालिटी कंट्रोलमधली नोकरी हाताशी होती. 1907 पासून एलेम्बिक ही औषध कंपनी असलेलं हे गाव, औषध म्हटलं की इथे कंपनीच आठवते. तेव्हा मी घरी भांडून म्हणाले होते, आपण रेणू शोधायचा, पुढचं पैसेवाले बघतील. त्या मुलीला आता मी मोसनोडेन्विरची गोष्ट सांगते. बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेला डेंग्यूवरचा रेणू, जॉन्सन अँड जॉन्सनने माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत नेला. ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनीने मोठी चाचणी थांबवली. घातक ठरला म्हणून नव्हे, प्राधान्यक्रम बदलला म्हणून. ती मुलगी तरी ऐकत नाही. म्हणते, रेणू होता म्हणून थांबवता तरी आला. तिला उत्तर देणं मला जमत नाही, आणि ती बरोबर आहे असंही मी म्हणणार नाही.

सध्या वाद थिसिसवरून आहे. मॅडमच्या मते तो फसलेला रेणू परिशिष्टात जावा. मला त्याचं पूर्ण प्रकरण हवंय, कारण तोच रेणू रसायनांच्या कॅटलॉगमधून दुसरं कुणीतरी मागवेल आणि त्याच्यामागे आपलं वर्ष घालवेल. आमचं अजून ठरलेलं नाही.

आणि आत्या, कंपन्यांच्या जागा निघाल्या की जाहिरात मी पूर्ण वाचते. अर्ज अजून केलेला नाही.