टॅपेट टाइट होण्याचं कोडं अखेर सुटलं (८७ ची बुलेट, हेड पुन्हा खाली)

हेड (इंजिनाचा वरचा भाग, वॉल्व्ह यातच बसतात) परत उतरवलं. हो, तेच, ज्याबद्दल दिवाळीआधी 'आता दोन वर्षं बघायला नको' असं छातीठोक लिहिलं होतं.

एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या वॉल्व्हचा, टॅपेट (पुशरॉड नावाच्या दांडीमार्फत वॉल्व्ह उघडणारा भाग) दर तीनशे किलोमीटरला टाइट व्हायला लागला होता. थंड इंजिनवर गॅप शून्य ठेवायचा, तरी पुशरॉड दोन बोटांत अलगद फिरला पाहिजे. मी कव्हर उघडावं तर रॉड जॅम. सकाळी किक पोकळ. साखरप्याकडून आंबा घाट चढताना तर गाडीने मानच टाकली, वर सायलेन्सरमधून फटाके. टॅपेटची खडखड नाही म्हणून मी इतके दिवस खुशीत होतो! टॅपेट झिजला तर गॅप वाढतो. इथे कमी होतोय, म्हणजे वॉल्व्हची दांडी वर येतेय, म्हणजे सीट (वॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी) खचतेय. हे घाटात नाही, रात्री जेवताना सुचलं.

शिव्या अर्थातच ई-२० ला, वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला, घातल्या. हेड उघडून डेप्थ गेज लावला: एक्झॉस्ट वॉल्व्ह ०.६ मिमी आत, इनटेक जागच्या जागी. सीट काढून घेतली आणि सहज तिच्यावर कानस फिरवली. लोण्यासारखी लागली. २०२२ ला ज्या वर्कशॉपने हेड केलं त्यांनी साधी, मऊ बिडाची सीट ठोकली होती. शिशाच्या पेट्रोलवर ती खपून गेली असती, कारण शिशाचा थर वॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये गादीसारखा राहायचा. ते पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद. आता लाल झालेला वॉल्व्ह मऊ सीटला कणाकणाने चिकटतो आणि उघडताना ते कण उपटून नेतो. शिशाचं बिल मी इथेनॉलच्या नावावर फाडत होतो.

तरी ई-२० अगदी साव नाही. प्लग पांढराफटक निघाला. इथेनॉलसोबत ऑक्सिजन येतो, कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि चढावर एक्झॉस्ट वॉल्व्ह आणखी तापतो.

उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांनी हार्ड सीट करून दिली. हेड ओव्हनमध्ये, सीट रात्रभर फ्रीजरमध्ये मटारांशेजारी (आईला अजून सांगितलेलं नाही). हातोडी न लावता गुपचूप बसली. ४५ अंशांचा कट, मग लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून वॉल्व्ह सीटवर घासून बसवणं. डबीतली जाड पेस्ट नव्या सीटला लावूच नका, बारीकच घ्या. सलग राखाडी रिंग आली, पोर्टमध्ये रॉकेल भरून ठेवलं, सकाळी एक थेंब खाली नाही. अर्धा तास नुसता बघत बसलो.

शिशाऐवजी पेट्रोलमध्ये टाकायचं औषध बाटलीत मिळतं, तिचे पैसे वाचले, हार्ड सीटला ती कशाला? मेन जेट एक नंबर मोठा, कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे पेट्रोल जरा जास्त. प्लग आता बिस्किटाच्या रंगाचा.

४२० किमी झाले. काल कव्हर उघडलं, रॉड बोटांत फिरला.

पुढचा बेत टाकी रंगवण्याचा होता. पण जेट बदलताना फ्लोट बोलमध्ये (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीत) काळे रबरी कण दिसले, तेव्हा आधी पेट्रोलचा पाइप आणि कॉकचे वॉशर. आणि हे लिहिता लिहिता आठवलं, हे पेट्रोल पाणी धरून ठेवतं आणि पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी होती. आतून कुणी बघितलंय? टॉर्च शोधतो.